ट्रॉलीचा भाव आणि खताचे मोल



चैत्र लागला की गावोगावच्या रस्त्यांवर शेणखताच्या ट्रॉल्या दिसू लागतात. अक्षय्य तृतीयेच्या आत खत रानात पडले पाहिजे, असे आपले वाडवडील सांगत आले. ते सांगत तेव्हा खत घरचे असे आणि गाडीही घरची. आज ट्रॅक्टर भाड्याचा, खत विकतचे आणि पैसा बहुतेक वेळा सोसायटीचा किंवा हातउसना. म्हणून खत केव्हा टाकावे यापेक्षा ते कितीला पडते आणि किती परत देते, हा प्रश्न आज मोठा झाला आहे. भाजीपाला करणाऱ्याला तर हा हिशेब चुकवून चालतच नाही.

गेल्या वर्षी याच दिवसांत पुरंदर तालुक्यातल्या एका वाडीवर गेलो होतो. तिथले आबा आणि आक्का हे जोडपे माझ्या जुन्या ओळखीचे. विहिरीखाली दीड एकर, वर कोरडवाहू माळ. एक एकर टोमॅटो दरसाल असतोच. दावणीला दोन गाई आणि एक घरचीच वाढवलेली कालवड. मी ओसरीवर टेकतो तोच आक्का म्हणाल्या, "साहेब, तुमीच सांगा ह्यास्नी. खताला पैसं न्हाईत म्हणून कालवड बाजारात न्यायला निघाल्यात."

आबा म्हणाले, "मग काय करू? तीन ट्रॉल्या लागत्यात. साडेपाच हजाराला एक. खताबिगर टोमॅटो येतंय व्हय?"

खत विकत घ्यायला खत देणारे जनावर विकायचे! मी आबांना म्हटले, "कालवडीचे नंतर पाहू. आधी वही आणा." त्या दिवशी ओसरीवर बसून जो हिशेब मांडला, तोच आज तुमच्यापुढे ठेवतो. भाव तुमच्या गावात कमीजास्त असतील. तुम्ही तुमचे आकडे घालून पाहा, रीत तीच राहील.

ट्रॉलीत काय असते?

तीन ट्रॉल्या प्रत्येकी ५,५०० रुपये, म्हणजे १६,५०० रुपये. रानात पसरायची मजुरी १,५०० रुपये. एकूण खर्च १८,००० रुपये. आबांच्या मते खताची किंमत ठरली. पण ट्रॉली हे माप आहे, वजन नव्हे, आणि वजन म्हणजेही खत नव्हे.

शेजाऱ्याने आदल्या दिवशी घेतलेल्या खताचे एक घमेले आम्ही काट्यावर ठेवले. भरले २० किलो. ते पत्र्यावर पातळ पसरून चार दिवस उन्हात ठेवायला सांगितले. वाळल्यावर ते ११ किलो भरले. म्हणजे वीस किलोत नऊ किलो पाणी होते. त्यातलेच मूठभर खत काचेच्या पेल्यात पाण्यात ढवळले, तर तळाला माती आणि बारीक खडे बसले. ओल्या खतात पाणी असणारच, त्यात लबाडी नाही. पण पाण्याचे आणि मातीचेही आपण पैसे देतो, हे ध्यानात राहावे. घमेले, काटा आणि पेला या तीन वस्तू प्रत्येक घरात असतात. ट्रॉली घेण्यापूर्वी एवढी परीक्षा जरूर करावी.

आता अन्नद्रव्यांचे पाहू. साधारण चांगल्या शेणखतात शंभर किलोमागे अर्धा किलो नत्र, पाव किलोच्या आत-बाहेर स्फुरद आणि अर्धा किलो पालाश असते. एका टनात ५ किलो नत्र, २ किलो स्फुरद व ५ किलो पालाश असे धरू. तीन ट्रॉल्यांचे वजन नऊ टन धरले, तर ४५ किलो नत्र, १८ किलो स्फुरद आणि ४५ किलो पालाश मिळाले.

हेच दुकानातून घेतले तर? युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. त्यात २०.७ किलो नत्र. किलोला सुमारे १३ रुपये पडले. डीएपीची गोणी १,३५० रुपयांना धरली आणि त्यातल्या नत्राची किंमत वजा केली, तर स्फुरद किलोला ५४ रुपयांच्या आसपास येते. पालाश किलोला ५५ रुपये धरू. मग हिशेब असा:

नत्र ४५ किलो, १३ रुपयांनी, ५८५ रुपये.
स्फुरद १८ किलो, ५४ रुपयांनी, ९७२ रुपये.
पालाश ४५ किलो, ५५ रुपयांनी, २,४७५ रुपये.
एकूण ४,०३२ रुपये.

आबांनी आकडा दोनदा वाचला. "म्हंजी अठरा हजाराचं खत आन् माल चार हजाराचा?"

आणि हेही सगळे पहिल्या पिकाला मिळत नाही. शेणखतातले नत्र पहिल्या पिकाला साधारण तीस टक्केच लागू पडते, स्फुरद साठ टक्क्यांच्या आसपास आणि पालाश सत्तर टक्के. बाकीचे पुढच्या पिकांसाठी जमिनीत राहते. त्या हिशेबाने पहिल्या पिकाच्या वाट्याला सुमारे २,५०० रुपयांचीच अन्नद्रव्ये येतात. त्यातही आपल्या बऱ्याच काळ्या जमिनींत पालाश मुळातच भरपूर असते. माती परीक्षणाच्या पत्रिकेत तसे असेल, तर पालाशाची किंमत हिशेबात धरूच नये. मग चार हजारांचे दीड हजार राहतात.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगितली पाहिजे. युरिया इतका स्वस्त आहे तो सरकार त्याच्या किमतीचा मोठा भाग सोसते म्हणून. पण आपल्या खिशाचा हिशेब आपल्याला दुकानातल्या भावानेच करावा लागतो.

मग लोक शेणखत का घेतात?

लोक खुळे नाहीत. शेणखत गोणीत मिळत नाही असे पुष्कळ काही देते. माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, पावसाच्या उघडीत रोप तग धरते. जस्त, लोह, बोरॉन अशी थोडी थोडी लागणारी द्रव्ये मिळतात. मातीतल्या जिवाणूंना खायला मिळते. घातलेल्या रासायनिक खताचा निचऱ्याबरोबर होणारा नाश कमी होतो. हे सगळे खरे आहे. पण त्याचा पैसा खताच्या ट्रॉलीतून निघत नाही, वाढलेल्या उत्पन्नातून निघतो. म्हणून विचारायचा प्रश्न एकच: उरलेले १४,००० रुपये वसूल व्हायला किती माल जास्त निघायला हवा?

टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटमागे तोडणी, भाडे, हमाली जाऊन २०० रुपये हातात पडले असे धरा. मग ७० क्रेट जास्त निघायला हवेत. एकरी हजार-बाराशे क्रेट काढणाऱ्याला दोन-तीन पिकांत मिळून सत्तर क्रेट जड नाहीत. हलक्या, मुरमाड, उघड्या पडलेल्या रानात तर ते एका हंगामातही निघू शकतात.

हेच खत बाजरीला टाकले तर? किलोला २५ रुपये धरले, तर साडेपाच क्विंटल बाजरी जास्त पिकायला हवी. कोरडवाहू माळावर अख्ख्या एकराचे पीकच कित्येकदा तेवढे निघत नाही. म्हणून विकतचे खत भाजीपाल्यालाच परवडते, धान्याला परवडत नाही.

पण भाजीपाल्यातही एक खोच आहे. क्रेटमागे २०० ऐवजी ५० रुपयेच हातात आले, तर ७० नव्हे, २८० क्रेट जास्त लागतील. २०२३ साल आठवा. जुलै महिन्यात शहरात टोमॅटो किलोला शंभरीपार गेला आणि सप्टेंबर येईतो शेतकऱ्यांवर तो रस्त्यावर ओतायची पाळी आली. खत टाकतो तेव्हा भाव कोणालाच ठाऊक नसतो. विकतच्या खतात घातलेला पैसा हा असा बाजाराच्या भरवशावर लावलेला पैसा असतो. तो कर्जाऊ असेल तर धोका दुप्पट.

काखेत कळसा

एवढे झाल्यावर मी आबांना विचारले, "घरचे खत किती निघते?"

"ट्रॉलीभर. ते बाजरीला टाकतो."

"दोन गाई आणि एक कालवड असताना ट्रॉलीभरच?"

आक्का पटकन म्हणाल्या, "मी रोज शेण काढते. माझ्या पाठीला ठावं किती निघतंय ते. पर वरसाच्या शेवटाला उकिरड्यात दिसत न्हाई."

मग एक दिवस शेणाचे वजन केले. तिन्ही जनावरांचे मिळून ३५ किलो भरले. त्यातले दहाएक किलो गोवऱ्यांना जात होते. उरलेले घराच्या उताराला ढिगावर पडत होते. उन्हाळ्यात ढीग वाळे, त्यातले नत्र हवेत उडून जाई. पावसाळ्यात ढिगातून काळे पाणी निघून थेट ओढ्याला मिळे. गोठ्यात माती होती, त्यामुळे मूत्र जागच्या जागी मुरत होते. आता हे लक्षात घ्या, की जनावराच्या अंगाबाहेर पडणाऱ्या नत्राचा जवळजवळ निम्मा भाग मूत्रात असतो आणि पालाशाचा तर बराच मोठा भाग मूत्रातच असतो. आपण शेण गोळा करतो आणि मूत्र सोडून देतो, म्हणजे निम्मे खत गोठ्यातच गमावतो.

काळजीने केले, तर मोठ्या जनावरामागे वर्षाला चार ते पाच टन खत तयार होते. दोन गाई आणि एक कालवड म्हणजे नऊ-दहा टन. आबा दरसाल विकत घेत होते ते नेमके तेवढेच! काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

ही तक्रार आजची नाही. डॉ. जॉन व्होल्कर नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरपण मिळत नाही म्हणून शेतकरी शेण जाळतो, हे त्यांनी तेव्हाच नोंदवले होते. पुढे इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण व मूत्र एकत्र कुजवण्याची पद्धत बसवली आणि १९३१ साली त्यावर पुस्तक लिहिले. डॉ. आचार्य यांनी चराची पद्धत सांगितली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, म्हणजेच नाडेपकाका, यांनी थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवणारा विटांचा हौद शोधला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, बाजूच्या भिंतींना भोके. ज्यांच्याकडे एकच जनावर आहे आणि पालापाचोळा भरपूर आहे, त्यांना हा नाडेप हौद आजही सोयीचा आहे. रीत कुठलीही घ्या, तिन्हींचे सांगणे एक: मूत्र वाया घालवू नका, खत उन्हापावसात उघडे टाकू नका, काडीकचरा जाळू नका.

घरच्या खताचा खरा हिशेब

आबांना मी चराची पद्धत सुचवली. वीस फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल असे दोन चर, गोठ्याजवळ पण उंचवट्यावर, भोवती मातीचा बांध. रात्री जनावरांखाली गव्हाणीतले उरलेले वैरण, पाचोळा, भुसा पसरायचा. जनावरामागे दोन-तीन किलो पुरतो. तो मूत्र पितो. सकाळी तो ओला पाचोळा आणि शेण मिसळून चरात टाकायचे. चर एका टोकाकडून तीन-तीन फूट भरत न्यायचा. जमिनीच्या वर दीड-दोन फूट आला, की तेवढा भाग शेणमातीने लिंपून घ्यायचा आणि पुढचा भाग धरायचा. लिंपल्यापासून चार-पाच महिन्यांत खत तयार होते. पहिला भरून कुजत असताना दुसरा भरत राहतो.

आता याचाही खर्च मांडू. घरचे खत फुकट असते, ही मोठी गैरसमजूत आहे.

चर खोदाई जेसीबीने दोन तास, २,५०० रुपये, पाच वर्षांवर वाटून ५०० रुपये.
पाचोळा पसरणे, चर भरणे, लिंपणे यासाठी रोजचा जादा अर्धा तास, वर्षाचे सुमारे २३ रोज, ३०० रुपयांनी ६,९०० रुपये.
रानात वाहतूक तीन खेपा, १,८०० रुपये.
पसरणे १,५०० रुपये.
एकूण १०,७०० रुपये.

विकतच्या नऊ टनांना १८,००० आणि घरच्याला १०,७००. वाचले ७,३००. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की घरच्या खतात रोकडा खर्च चार हजारांच्या आत आहे. बाकीचे ६,९०० रुपये घरातल्या माणसाच्या कष्टाचे आहेत. टोमॅटोला भाव आला नाही तरी सोसायटीचे व्याज चढणार नाही, कालवड विकावी लागणार नाही. तोट्याच्या वर्षी शेतकरी तरतो तो अशाच गोष्टींनी.

आक्का ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे सहा हजार नऊशे माझंच न्हवं?"

"तुमचेच. म्हणूनच वहीत लिहिले."

बंधूंनो, शेण काढणे, गोठा झाडणे हे काम आपल्याकडे बहुतेक घरांत बायाच करतात आणि ते कुठल्याच वहीत लागत नाही. वहीत लागत नाही म्हणून ते फुकट वाटते, आणि फुकट वाटते म्हणून त्यातून निघालेल्या खताची किंमत कळत नाही. हा हिशेब मांडताना मजुरीचा रकाना कोरा ठेवू नका.

गोवऱ्यांचेही असेच. दिवसाला दहा किलो शेण म्हणजे वर्षाला साडेतीन टनांवर शेण. त्याचे पावणेदोन-दोन टन खत झाले असते. विकत घ्यायला गेलो तर ते चार हजार रुपयांचे. तेवढ्यात गॅसच्या चारेक टाक्या येतील. आक्कांचे म्हणणे होते, की बंबाला काहीतरी जाळायला लागतेच. तेही खरे. म्हणून टोमॅटोचे मोडके बांबू, तुरीच्या काड्या बंबासाठी राखून ठेवायच्या आणि शेण चरात घालायचे, असे ठरले. ज्यांच्याकडे रोज पंचवीस किलो शेण हमखास निघते, त्यांनी एक घनमीटरच्या गोबर गॅसचाही विचार करावा. त्यात इंधनही मिळते आणि रबडीच्या रूपाने खतही हाती राहते.

एक सावधगिरीची गोष्ट. हे वाचून कोणी नुसत्या शेणासाठी गाय घेऊ नये. वैरणीचा खर्च शेणातून निघत नाही. गाय दुधावर परवडली पाहिजे. शेण हा तिचा वरकड लाभ आहे. मात्र तो वरकड लाभच आपण उकिरड्यावर सांडतो, एवढे माझे म्हणणे आहे.

कच्चे खत महागात पडते

नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. एका शेतकऱ्याने मिरची लावायच्या आधी खत टाकू का, असे विचारले. ढीग पाहिला तो अर्धवट कुजलेला होता, आतून अजून गरम. मी नवखा. "खत ते खतच, टाका" म्हणालो. पंधरा दिवसांत रोपे पिवळी पडली, कारण कच्चा काडीकचरा कुजताना मातीतलेच नत्र खातो. मग वाळवी लागली. आणि तण असे माजले की मिरची शोधावी लागे. त्या माणसाला दोन खुरपण्या जास्त कराव्या लागल्या. आजच्या भावाने एका खुरपणीला बारा बाया धरल्या तरी ३,६०० रुपये होतात. माझ्या एका शब्दाने त्याच्या खताचे पैसे दुप्पट झाले. तो मला काही बोलला नाही. चहा पाजून त्याने पाठवले, ते मला जास्त लागले.

म्हणून सांगतो, ढीग गार झालेला, काळा, हातात चुरगळणारा, शेणाचा वास गेलेला असेल तेव्हाच खत रानात न्यावे. ढीग चांगला तापून कुजला तर तणाचे पुष्कळसे बी मरते. विकतच्या खताबरोबर तर गाजरगवतासारखे तण परक्या रानातून आपल्या रानात येते. त्याची खुरपणी वर्षानुवर्षे भरावी लागते. गाजर-मुळ्याच्या रानात ताजे खत टाकले तर मुळे फाटे फुटून वाकडी होतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. कोथिंबीर, मेथी, काकडी अशा जमिनीलगतच्या आणि कच्च्या खाण्याच्या भाज्यांना कच्चे शेण कधीच घालू नये. त्यातले रोगजंतू खाणाऱ्याच्या पोटात जातात. तिथे खत टाकणे आणि काढणी यांत चार महिन्यांचे अंतर राहील असे पाहावे.

थोड्या खतात जास्त काम

भाजीपाल्याला एकरी आठ-दहा टन खत सांगितले जाते. तेवढे नसेल तर सबंध रानावर विरळ फेकू नये. टोमॅटो, वांगी, मिरचीला सरीत किंवा वाफ्यावर मुळांजवळ द्यावे. भोपळा, कारली, दोडक्याला आळ्यात द्यावे. असे केल्याने थोड्या खतातही पुष्कळ काम भागते.

दुसरे, खताचे छोटे छोटे ढीग रानात घालून महिना महिना उन्हात ठेवण्याची आपली चाल सोडावी. तेवढ्या दिवसांत त्यातले नत्र उडून जाते. ज्या दिवशी पसरले त्याच दिवशी कुळवाने मातीआड करावे.

तिसरी आणि हिशेबातली सर्वांत मोठी चूक अशी: शेणखत टाकूनही रासायनिक खताची एकही गोणी कमी न करणे. नऊ टन चांगल्या खतातून पहिल्या पिकाला साधारण १३ किलो नत्र, ११ किलो स्फुरद आणि ३१ किलो पालाश मिळते. म्हणजे शिफारशीतून डीएपी अर्धी गोणी, पालाशाची सुमारे एक गोणी आणि युरिया वीस किलो कमी करता येतो. ते कमी केले तरच खताचा पैसा पदरात पडतो. दोन्ही पुरेपूर टाकले तर झाड नुसते माजते, किडीला आमंत्रण मिळते आणि खर्च दोनदा होतो.

विकत घ्यायचेच झाले, तर भाव ट्रॉलीवर न करता टनावर करा आणि आत काय आहे ते पाहा. वाळलेल्या कोंबडखतात शंभर किलोमागे तीन किलोच्या आसपास नत्र आणि अडीच किलोच्या वर स्फुरद असते. म्हणजे टनाचा भाव शेणखताच्या दुप्पट असला तरी अन्नद्रव्याच्या हिशेबाने ते स्वस्तच. मात्र ते उष्ण असते. कुजवल्याशिवाय आणि एकरी एक-दीड टनापेक्षा जास्त टाकू नये. शेडमधल्या खतात भाताचे तूस किती आहे, तेही पाहून घ्यावे, कारण तुसाला खताचा भाव देण्यात अर्थ नाही. लेंडीखतही कसदार असते. दिवाळीनंतर धनगर बांधव मेंढरे घेऊन फिरतात, तेव्हा रान मोकळे असेल तर त्यांना रानात मेंढरे बसवायला सांगावे. लेंडी आणि मूत्र दोन्ही थेट मातीत जाते. ट्रॉली नाही, भाडे नाही, पसरायची मजुरी नाही. मेंढरे उठली की लगेच कुळवाची पाळी घालावी, एवढेच काम.

यंदाची गोष्ट

परवा पुन्हा त्या वाडीवर गेलो होतो. गेल्या वैशाखात खोदलेला पहिला चर कार्तिकात भरून लिंपला होता, तो आता उघडला. दोन ट्रॉल्या काळे, चुरचुरीत खत निघाले. आबांनी यंदा एकच ट्रॉली विकत घेतली, तीही घमेले वाळवून पाहून. साडेसोळा हजारांच्या जागी साडेपाच हजार गेले. खत टोमॅटोच्या सऱ्यांत पडले. टोमॅटोला भाव काय मिळेल ते मला सांगता येणार नाही, आबांनाही नाही. पण या खेपेला भाव पडला तरी खताचे देणे डोक्यावर राहणार नाही.

कालवड दावणीला आहे आणि गाभण आहे.

निघताना आक्का म्हणाल्या, "साहेब, माझी मजुरी वहीत मांडलीत, पर हातात कवा पडायची?" आबांनी टोपी सारखी केली. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कालवड व्याली की तिच्या दुधाचा पगार तुझ्या खात्यावर लावतो. साहेबांसमोर सांगतोय." आक्का हसल्या, पण बोलल्या, "वहीत ल्ह्या साहेब." मी लिहिले.

तर मंडळी, या आठवड्यात एवढे करा. एक दिवस आपल्या गोठ्यातले शेण तोला. उकिरड्यावरून पावसाचे पाणी कुठे जाते ते पाहा. आणि ट्रॉलीवाल्याला विसार देण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी, ज्या शेण काढतात त्यांनीसुद्धा, वही घेऊन एकत्र बसा.